टाळ्यांचा पुरावा

१९९४ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका सरकारी कचेरीच्या लेखा विभागात मी तेव्हा कारकून होतो. शेजारच्या टेबलावर एक वरिष्ठ सहकारी बसत. वयाने माझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठे, निवृत्तीला आलेले, अविवाहित, गिरगावातल्या एका चाळीत एकटेच राहणारे. एका दुपारी डबा खाताना त्यांनी मला अचानक विचारलं, "तू जूडी गार्लंड ऐकलीयस का रे?" मी म्हटलं, "नाही साहेब. कोण ती?" ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग "काही नाही, जुनी गाणारी आहे एक," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. तो विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही.

१९९८ साली ते गेले. पुतण्याने खोली रिकामी करताना त्यांच्या रेकॉर्डी रद्दीत काढल्या होत्या. त्या मी उचलून घरी आणल्या. मीनाकुमारीने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या तिच्या नज्मांची एक तबकडी होती, थोडं नाट्यसंगीत होतं आणि जूडी गार्लंडचे चार संच होते. त्यांतला एक दोन तबकड्यांचा, 'जूडी ॲट कार्नेगी हॉल'. त्याच्या वेष्टणाच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या.

मी समलिंगी आहे. हे वाक्य आज छापायला देताना हात अडखळत नाही, पण १९९४ साली ते मी स्वतःशीही पूर्ण उच्चारलेलं नव्हतं. त्या दुपारच्या प्रश्नाला दुसराही काही अर्थ असू शकेल, हे लक्षात यायला मला पुढे दहा वर्षं लागली. मी संगीताचा जाणकार नाही आणि इंग्रजीही शब्दकोश जवळ ठेवून शिकलो. नोकरी सांभाळून संध्याकाळी वाचत गेलो, ते एका प्रश्नाचा माग काढत: एखादी लोकप्रिय गायिका समलिंगी पुरुषांचं दैवत कशी होते? त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

नेहमीची उत्तरं

अशा गायिकेला पाश्चात्त्य जगात 'डिव्हा' म्हणतात. आपल्या दिवाळीच्या दिव्याशी या शब्दाचा संबंध नाही, पण 'दिव्य' आणि 'देव' यांच्याशी आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ देवी. इटलीच्या ऑपेरातल्या मुख्य गायिकांना तो आदराने लावला जाई. तिथून तो सिनेमात आणि पॉप संगीतात आला आणि येताना थोडा चिडका झाला. रुसणारी, उशिरा येणारी, सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई असाही त्याचा अर्थ होऊ लागला.

समलिंगी पुरुषांना या देव्या का भावतात, याची दोन उत्तरं हटकून मिळतात. पहिलं दुःखाचं: तिनं सोसलं, यांनीही सोसलं, म्हणून जवळीक. दुसरं झगमगाटाचं: पिसं, टिकल्या, भडक रंग यांची या लोकांना मुळातच हौस. दुसऱ्या उत्तरावर फार वेळ घालवायला नको. मी स्वतः कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांपलीकडे फारसा जात नाही आणि माझ्या ओळखीच्या कित्येक समलिंगी पुरुषांना जूडी गार्लंड हे नावही ठाऊक नाही. ही आवड रक्तातून येत नाही. ती विशिष्ट काळात, विशिष्ट शहरांत, विशिष्ट कारणांनी तयार झाली. ती कारणं शोधायची तर एक उदाहरण बारकाईने पाहावं लागतं, आणि त्यासाठी जूडीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

घसरलेला मुखवटा

जूडी गार्लंडचं मूळ नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. आईवडील रंगमंचावर गाणारे, त्यामुळे ही तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत लोकांसमोर उभी राहिली. तेराव्या वर्षी, १९३५ मध्ये, तिचा एमजीएम या चित्रपटसंस्थेशी करार झाला. १९३९ साली 'द विझर्ड ऑफ ऑझ' आला. कॅन्ससच्या करड्या, रखरखीत शेतावरची डोरोथी वादळात सापडून एका रंगीत देशात पोचते. तिथे तिला बुजगावणं, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह असे तीन सोबती भेटतात. तिघेही काहीतरी उणं असलेले, आणि 'तुम्ही असे का?' असं न विचारता ती त्यांना बरोबर घेते. पडद्यावरची जूडी तेव्हापासून शेजारच्या घरातली साधी, निरोगी मुलगी ठरली.

पडद्यामागे वजन कमी ठेवण्यासाठी गोळ्या, झोपेसाठी गोळ्या आणि जागं राहण्यासाठी गोळ्या चालू होत्या. १९५० च्या जून महिन्यात तिने गळ्यावर काच ओढून घेतली. ती बातमी वर्तमानपत्रांत झळकली. त्याच वर्षी एमजीएमशी असलेला करार संपला. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

रिचर्ड डायर या ब्रिटिश अभ्यासकाने 'हेवन्ली बॉडीज' या १९८६ सालच्या पुस्तकात जूडी आणि समलिंगी पुरुष यांच्यावर एक मोठं प्रकरण लिहिलं आहे. समलिंगी पुरुषांनी जूडीचा जो अर्थ लावला, त्याची सुरुवात तो या १९५० सालापासून धरतो. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: जिला सगळ्यांनी अगदी साधीसुधी समजलं, ती तशी नव्हती, हे त्या दिवशी उघड झालं. आणि हा अनुभव समलिंगी मुलाच्या चांगल्याच ओळखीचा असतो. तोही साध्या घरात, चारचौघांसारखा वाढतो आणि एके दिवशी त्याला कळतं, की ज्या साधेपणात आपण वाढलो त्यात आपल्याला जागा नाही. म्हणजे जूडीच्या नुसत्या दुःखापेक्षा दुःखाची जात महत्त्वाची ठरते. ते मुखवटा घसरण्याचं दुःख होतं.

मला हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. या उत्तरात एकटा प्रेक्षक आहे आणि त्याच्यासमोर एकटी गायिका आहे. प्रत्यक्षात नाट्यगृह भरलेलं असे. त्या गर्दीचं काय?

भरलेलं सभागृह

ती गर्दी समजून घ्यायला त्या काळचा कायदा आठवावा लागतो. अमेरिकेत १९६१ पर्यंत प्रत्येक राज्यात समलिंगी संबंध हा गुन्हा होता. इलिनॉय राज्याने त्या वर्षी नवी दंडसंहिता मंजूर करून पहिल्यांदा तो वगळला. न्यूयॉर्क राज्यात तो कायदा न्यायालयाने रद्द ठरवायला १९८० साल उजाडलं. न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बारमध्ये समलिंगी माणसं जमतात असं दिसलं, तर त्या बारचा दारूविक्रीचा परवाना जाऊ शकत असे. साध्या वेशातले पोलीस सलगी करून माणसं पकडत. नाव छापून आलं, की नोकरी जाई आणि कधी घरही.

अशा शहरात समलिंगी पुरुषांनी एकमेकांना भेटायचं कुठे? बार धोक्याचा, बाग त्याहून धोक्याची. नाट्यगृहात मात्र तिकीट काढून कोणीही बसू शकतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कोण आहे हे विचारण्याचा पोलिसांना अधिकार नाही. गाणं आवडलं म्हणून उभं राहणं, ओरडणं, डोळे पुसणं हा जगात कुठेच गुन्हा नाही. जे बाहेर एकट्याने करणंही अवघड होतं, ते इथे शेकडोंनी एकत्र आणि दिव्यांच्या उजेडात करता येत होतं.

२३ एप्रिल १९६१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सुमारे तीन हजार श्रोते होते. त्याआधी दीडच वर्षापूर्वी यकृताच्या आजाराने जूडी रुग्णालयात होती आणि आता ही पुन्हा काम करू शकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण दोन तबकड्यांवर निघालं. ते अमेरिकेच्या विक्री-यादीत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार त्याला मिळाला आणि तो मिळवणारी जूडी पहिली स्त्री ठरली.

माझ्या दृष्टीने त्या रेकॉर्डचं महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. तिच्यावर श्रोत्यांचा आवाज आहे. एका गाण्यात जूडी शब्द विसरते, भलतंच काहीतरी जुळवून गात राहते, आणि ती चूक तशीच ठेवली आहे. शेवटाकडे सभागृह गाण्यांची नावं पुकारत राहतं. सगळी गाऊ, रात्रभर थांबू, असं ती सांगते तेव्हा उठणारा कल्लोळ ऐकण्यासारखा आहे. त्या तीन हजारांत समलिंगी पुरुष किती होते हे मोजता येणार नाही. पण ते बरेच होते आणि उठून दिसत होते, याची साक्ष समलिंगींना नावं ठेवणाऱ्यांनीच दिली आहे. १९६७ साली 'टाइम' साप्ताहिकाने तिच्या न्यूयॉर्कमधल्या प्रयोगांविषयी लिहिताना प्रेक्षकांतल्या समलिंगी पुरुषांचा खास उल्लेख केला, त्यांच्या घट्ट विजारींची चेष्टा केली आणि या आवडीचं कारण मानसोपचारतज्ज्ञांना विचारलं. ज्यांनी पत्रं जाळली, डायऱ्या लिहिल्याच नाहीत, फोटोंतून एकमेकांना कापून काढलं, त्यांचा इतिहास लिहायला कागद सापडत नाहीत. टाळ्या सापडतात.

मला सापडलेलं उत्तर या टाळ्यांत आहे. डिव्हाला आयकन करणारी गोष्ट तिच्या चरित्रात अर्धीच असते. उरलेली अर्धी, ज्यांना जमायला दुसरी जागा नाही अशा माणसांनी तिच्याभोवती जमण्यात असते. तिचा आवाज हे जमण्याचं निमित्त होतो आणि हळूहळू तीच एक जागा होते. दुःखी गायिका जगात पुष्कळ झाल्या. पण लोकांसमोर चुकणारी, सावरणारी आणि तरीही भावना आवरून न घेता पूर्ण गळ्याने गाणारी गायिका असली, की समोरच्यालाही आवरून न घेण्याची मुभा मिळते. जूडीने ती मुभा दिली.

तिने त्यांच्यासाठी जाहीरपणे काही केलं का? नाही. आपल्या समलिंगी चाहत्यांविषयी पत्रकारांनी छेडलं तेव्हा, मला त्याचं काही नाही, मी माणसांसाठी गाते, अशा अर्थाचं बोलून तिने विषय संपवला. त्या काळात झिडकारलं नाही हेही पुष्कळ होतं.

डोरोथीचे मित्र

जागा म्हटली की तिथे जायची खूण लागते. इंग्रजी बोलणाऱ्या जगात समलिंगी पुरुष एकमेकांची चाचपणी करताना 'तुम्ही डोरोथीचे मित्र का?' असं विचारत. ही डोरोथी 'ऑझ'मधली असं बहुतेक जण मानतात, काही जण ती लेखिका डोरोथी पार्कर असल्याचं सांगतात. उगम काहीही असो, प्रश्नाची रचना फार हुशारीची आहे. ज्याला कळायचं त्याला कळतं. ज्याला कळत नाही तो 'कोण डोरोथी?' म्हणतो आणि विचारणारा सुरक्षित राहतो. अमेरिकी सैन्यातल्या समलिंगींचा इतिहास लिहिणारे रँडी शिल्ट्स यांनी नोंदवलंय, की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोजवळ नौदलाच्या तपास अधिकाऱ्यांच्या कानावर हा शब्दप्रयोग आला आणि ही डोरोथी म्हणजे समलिंगी खलाशांचं जाळं चालवणारी कोणी बाई आहे असं समजून ते तिला शोधत फिरले.

हा किस्सा वाचून मी हसलो. नंतर मला आमच्या कचेरीतली ती दुपार आठवली.

एक दंतकथा

२२ जून १९६९ रोजी लंडनमध्ये झोपेच्या औषधाचं प्रमाण चुकून जास्त झाल्याने जूडी वारली. वय सत्तेचाळीस. २७ जूनला न्यूयॉर्कमध्ये तिचा अंत्यविधी झाला. त्याआधी सुमारे वीस हजार माणसं रांगेत उभी राहून तिचं दर्शन घेऊन गेली होती. त्याच रात्री, म्हणजे २८ जूनच्या पहाटे, ग्रीनिच व्हिलेजमधल्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांनी धाड टाकली आणि या वेळी माणसं मुकाट्याने पांगली नाहीत. काही दिवस चाललेल्या त्या दंगलीतून आजची समलिंगी हक्कांची चळवळ मोठी झाली. दोन घटना एकाच रात्री आल्यामुळे, जूडीच्या शोकातून स्टोनवॉल पेटलं, अशी कथा रूढ झाली.

कथा सुंदर आहे, पण पुराव्यावर टिकत नाही. स्टोनवॉलचा तपशीलवार इतिहास २००४ साली प्रसिद्ध करणारे डेव्हिड कार्टर ती नाकारतात. दंगलीत पुढे होती ती रस्त्यावर राहणारी, घरातून हाकललेली तरुण पोरं. जूडी ही त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीची गायिका. त्या उन्हाळ्यातल्या लिखाणात हा संबंध जोडलेला सापडतो, तोही दंगलखोरांची टिंगल करणाऱ्या लेखणीतून. पुढे काही सहभागींनी आपल्या आठवणींत जूडीचं नाव घेतलं, पण आठवणींवर तोवर दंतकथेची छाया पडली असणार.

तरीही ही कथा मरत नाही, कारण ती वेगळं काही सांगते. एक काळ नाट्यगृहात बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचा होता, दुसरा रस्त्यावर उतरणाऱ्यांचा, आणि या दोन काळांमध्ये लोकांना एक दार हवं होतं. ते दार त्यांनी जूडीच्या नावाने उभं केलं.

नंतरच्या देव्या

दार उघडल्यावर खूण ठरवण्याची सूत्रं बदलत गेली. १९८० साली डायना रॉसचं 'आय ॲम कमिंग आउट' आलं. संगीतकार नाइल रॉजर्स यांना न्यूयॉर्कच्या एका क्लबात डायना रॉसचा वेश केलेले अनेक पुरुष एकाच वेळी दिसले आणि त्यातून त्यांना या गाण्याची कल्पना सुचली. 'कमिंग आउट' म्हणजे आपली लैंगिकता उघड करणं, हा अर्थ गाणं म्हणताना रॉस यांना ठाऊक नव्हता. म्हणजे खूण श्रोत्यांच्या जगातून उचलून गाण्यात पेरली गेली, फक्त गाणारीला तिचा पत्ता नव्हता.

मॅडोनाला तो पुरता होता. तिचे नृत्यशिक्षक समलिंगी होते आणि डेट्रॉइटच्या क्लबांत त्यांनीच तिला नेलं. तिचा एक जवळचा मित्र १९८६ साली एड्सने गेला. १९८९ च्या 'लाइक अ प्रेयर' या अल्बमच्या आत तिने एड्सची माहिती देणारं पत्रक घातलं. लोक रुग्णाला हात लावायला घाबरत होते, तेव्हा ते पत्रक लाखो घरांत गेलं. 'व्होग' या १९९० च्या गाण्यातलं नृत्य तिने हार्लेममधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी तरुणांच्या 'बॉल'मधून घेतलं. त्यातून ते नृत्य जगभर पोचलं, आणि ज्यांचं होतं त्यांना काय मिळालं हा प्रश्नही उभा राहिला. तिच्या दौऱ्यावरच्या १९९१ सालच्या माहितीपटाबद्दल तीन नर्तकांनी, आमचं खाजगी आयुष्य पडद्यावर आणलं, अशी तक्रार न्यायालयात केली. प्रकरण तडजोडीने मिटलं. देवी आणि भक्त यांच्यात हिशेब असतो, हे विसरू नये.

२०११ साली लेडी गागाने 'बॉर्न धिस वे'मध्ये समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी हे शब्दच गाण्यात घातले. आता खुणेची गरज उरली नाही. हे चांगलंच झालं. पण जूडीच्या श्रोत्यांनी सगळ्यांसाठी लिहिलेल्या गाण्यात स्वतःची जागा स्वतः कोरून घेतली होती. आज ती जागा नावाची पाटी लावून आयती मिळते. दोन्हींची किंमत सारखी नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. त्या पाटीसाठी किती माणसं खपली हे मला ठाऊक आहे.

चौथी बाजू

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम होतं. १९९० साली मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक सुरू झालं, तेव्हा आमच्या कचेरीत त्याचं नाव कोणी उघड काढलं नसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलासा दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो काढून घेतला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम त्याच न्यायालयाने रद्द केलं. माझे सहकारी त्याच्या वीस वर्षं आधीच गेले होते.

ते समलिंगी होते, असं मी म्हणू शकत नाही. अविवाहित असणं हा पुरावा नाही आणि गाण्यांची आवड हा तर नाहीच. एखाद्या मेलेल्या माणसावर आपल्या सोयीचा अर्थ लादू नये, एवढा नियम स्वतःच शिकलेल्या संशोधकालाही पाळावा लागतो. त्यांना कदाचित खरोखरच डबा खाताना गाण्याविषयी बोलायचं असेल.

त्यांच्या कार्नेगी हॉलच्या संचाला चार बाजू आहेत. पहिल्या तीन बऱ्यापैकी स्वच्छ वाजतात. चौथी खूप खरखरते, कारण ती जास्त वेळा वाजली आहे. जूडी रात्रभर थांबायचं कबूल करते आणि सभागृह उसळतं, ते शेवटाकडेच. त्या प्रश्नाचं उत्तर आता मला येतं, पण विचारणारे राहिले नाहीत. गिरगावातल्या त्या खोलीत, दार लावून, कोणीतरी त्या टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकत होतं, एवढंच या पुराव्यावरून सांगता येतं.